पुंडलिककाकांच्या मुक्कामांची बेरीज

पुंडलिककाकांना कॉम्प्युटरवर एन्टर दाबायचं असलं की डबल बेल लागते. बोट बटणावर ठेवून ते मागे वळतात आणि म्हणतात, "दे." मग मी स्टीलच्या ग्लासावर पेन दोनदा वाजवते, टिंग टिंग. त्यानंतरच एन्टर.

काका तीस वर्षं परतवाड्याहून एसटीचा लाल डबा चालवत होते. कंडक्टरची डबल बेल मिळाल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हे अंगात इतकं मुरलंय की रिटायर झाल्यावर भाजी आणायला निघाले तरी ते फाटकात थांबतात. आतून वच्छलाकाकू ताटलीवर चमचा दोनदा वाजवतात, तेव्हा कुठे काकांचं पाऊल पुढे पडतं. आमच्या गल्लीत आता याचं कुणाला नवल वाटत नाही.

मी शेजारची, शाळेत क्लार्क. दीड महिन्यापूर्वी मुलीच्या बाळंतपणासाठी काकू अकोल्याला निघाल्या, तेव्हा त्यांची बॅग धरायला मीच होते. काका कुरकुरत होते.

"दोन महिने? मंग मी अठी काय करू?"

"अन् मी काय केलं तीस वर्सं?" काकू म्हणाल्या. "तुमी घरी होतेच कवा?"

हे काकांना चांगलंच झोंबलं. "हिशोबच दाखवतो तुले!" ते ओरडले. तोवर ऑटो कोपऱ्यावर वळला होता.

हिशोब होता मुक्कामांचा. मुक्कामी गाडी संध्याकाळी गावाला जाते, ड्रायव्हर तिथेच झोपतो आणि सकाळी गाडी परत आणतो. कधी सेमाडोह, कधी अंजनगाव. कोणत्या महिन्यात किती मुक्काम झाले, ते काकांनी तीस डायऱ्यांत लिहून ठेवलेलं. जावयाने दिलेला जुना लॅपटॉप घेऊन ते माझ्याकडे आले.

"पोरी, मले बेरजेचं शिकव. कागदावर केली तं ती म्हणन, मनचीच केली. मशीनची मानन."

मी रकाने दाखवले. एका ओळीत एक महिना, शेजारी आकडा. काका माऊस दोन्ही हातांनी धरत, स्टीअरिंगसारखा. खालच्या ओळींकडे जाताना म्हणत, "घाट उतरून राहिलो, बोलू नको." रोज एक-दोन डायऱ्या, अशा तीनशे साठ ओळी त्यांनी एका बोटाने भरल्या. शेवटी बरोबरची खूण, मग एस-यू-एम, मग कंसात पहिल्यापासून शेवटपर्यंतचा रकाना. मी बेल दिली. काकांनी एन्टर दाबलं.

उत्तर आलं शून्य.

काका खुर्चीतून उठलेच. "शून्य! पाय, मशीन काय म्हणते! मी एक बी मुक्काम बाहेर केला नाई! छाप हे, आताच्या आता अकोल्याले धाडतो!"

एवढा आनंद मोडायचं माझ्या जिवावर आलं होतं. पण डोकावले तर दिसलं, काकांनी प्रत्येक चौकटीत नुसता आकडा न लिहिता '१२ मुक्काम', '९ मुक्काम' असं साग्रसंगीत लिहिलेलं. "काका, आकड्याला शब्द चिकटला की मशीन त्याला आकडा मानत नाही. नुसतं बारा लिहा."

"नुसतं बारा? बारा काय, केळी?" काका चिडले. पण बसले. चार दिवस एकेक 'मुक्काम' पुसत राहिले. पुन्हा बेल, पुन्हा एन्टर. तीन हजार नऊशे सत्तेचाळीस.

काका लॅपटॉप मिटून घरी गेले. मला फार वाईट वाटलं. वाटलं, शून्यच राहू दिलं असतं तर काय बिघडलं असतं!

परवा त्यांनी मला बोलावलं. शेजारी नवा रकाना, वर नाव 'वच्छला', खाली ओळीने एक, एक, एक.

"हे काय, काका?"

"तिचे मुक्काम, गेली तवापासूनचे. आता रोज सकाळी चहाच्या टायमाले एक टाकतो."

सूत्र त्यांनी स्वतःच लिहिलं होतं, अचूक. मी पेन उचललं. "तू थांब," म्हणत त्यांनी अकोल्याला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. पलीकडे बाळ रडत होतं.

"अवं, जरा ताटली वाजव दोन खेपा."

"काहून?"

"वाजव तं."

टिंग टिंग. काकांनी एन्टर दाबलं. एक्केचाळीस.

"एक्केचाळीस झाले वं," काका फोनमध्ये म्हणाले. "अन् मले एवढ्यातच घर खाऊन राहिलं. तू तीन हजार नऊशे सत्तेचाळीस कसे काढले?"

पलीकडून बाळाला थोपटल्याचा आवाज आला. मग काकू म्हणाल्या, "सोमवारी येऊन राहिली मी. तवरोक गाडी उभीच ठेवा."