वाट्यांतली पोरं

लग्नाच्या पंगतीत कुणी "पोरं किती तुम्हाला?" असं विचारलं, की आमच्या लिमयेबाई शांतपणे सांगत, "काल चाळीस होती. आज सकाळी एकतीस उरली." विचारणारीची जिलबी हातातच राहायची.

बाई रत्नागिरीत आमच्या प्रयोगशाळेत खेकड्याची पिल्लं वाढवत. खेकडा तरी कसला, ओहोटीला दगडाखाली सापडणारा, नखाएवढा, कालवणालाही निरुपयोगी. त्याची पिल्लं म्हणजे पाण्यात तरंगणारे काटेरी ठिपके. एकत्र ठेवली की एकमेकांना खातात मेली, म्हणून प्रत्येकाला वेगळी काचेची वाटी. रोज सकाळी बाई भाट्याच्या किनाऱ्यावरून स्कूटीवर समुद्राचं पाणी आणत, एकेकाला ड्रॉपरने उचलून ताज्या पाण्यात सोडत आणि मेलेली वेचून काढत. रविवारीसुद्धा, ऐन दिवाळीतसुद्धा.

त्या खोलीत अत्तर, अगरबत्ती, डोक्याला तेल, सगळं बंद. मी एकदा डासांचं मलम चोपडून आत गेलो. "नाईक, तू खुनी आहेस, बाहेर हो," म्हणाल्या. मला राग आला. दुसऱ्या दिवशी सहा वाट्या रिकाम्या झाल्या, तेव्हा मलमाची डबी फेकून दिली.

कात टाकत टाकत त्या ठिपक्याचा खेकडा होतो. या जातीचा तो नुकता झालेला, पहिलावहिला खेकडा शास्त्रासाठी अजून कुणी चितारला नव्हता. निवृत्त होण्याआधी बाईंना तेवढं करायचं होतं. पण दरवर्षी सगळी पिल्लं खेकडा होण्याआधीच मरायची.

यंदा, बाईंच्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात, एकच उरलं. एका सकाळी तेही तळाशी निपचित दिसलं.

"बाई, गेलं हो," मी म्हटलं.

बाईंनी ते ड्रॉपरने उचलून सूक्ष्मदर्शकाखाली घेतलं. "मेल्या, ही नुसती कात आहे."

वाटीत ठेवलेल्या शिंपल्याच्या तुकड्याआडून मोहरीएवढा खेकडा तिरका तिरका चालत आला. आम्ही दोघं वेड्यासारखे हसलो.

पण नमुना हलत असेल तर चित्र काढता येत नाही. त्याला अल्कोहोलात घालावं लागतं. आजवर बाईंनी शेकड्यांनी पिल्लं घातली होती, पापणी न लववता. त्या दिवशी वाटी माझ्याकडे सरकवून त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

"तू घाल. माझा हात होत नाही."

मी घातला. पाय थोडे हलले, मग थांबले.

संध्याकाळपर्यंत बाईंनी चित्र पुरं केलं. पायावरचे केससुद्धा सोडले नाहीत. मग चष्मा पुसत म्हणाल्या, "घरी कुणी नाही रे माझं. उद्यापासून सकाळी उठायचं कुणासाठी?"