तात्या दिघे घर बघतात

तात्या दिघे घर बघायला निघाले की काखेत एक लाल भोपळा घेत.

कर्जतच्या पेठेला हे दृश्य सवयीचं झालं होतं. अंगात कचेरीचा काळा कोट, डोक्याला काळी टोपी, उजव्या हातात छत्री आणि डाव्या काखेत चांगला सात-आठ शेरांचा भोपळा. नवखा माणूस थबकून बघत राही. जुना माणूस नुसतं विचारी, "काय तात्या, आज कुठलं घर?"

मी कर्जतच्या शाळेत मास्तर म्हणून आलो आणि स्टेशनामागच्या एका बैठ्या चाळीत तात्यांच्या शेजारची खोली घेतली. पहिल्याच रविवारी ते भोपळा घेऊन निघालेले दिसले. मला वाटलं, कुणाकडे तरी पोचवायचा असेल. मी आपला शेजारधर्म म्हणून म्हटलं, "द्या इकडे, मी घेतो."

"छे छे! तुम्ही घेतलात तर पाहणी रद्द होईल," तात्या म्हणाले आणि मग दम खाऊन त्यांनी मला समजावलं. "मास्तर, रिकाम्या हातानं सगळीच घरं जवळ असतात. बाजार करून परत येताना कळतं घर किती लांब आहे ते."

त्यांचं मापही ठरलेलं होतं. एका काखेत भोपळा जड झाला की दुसऱ्या काखेत घ्यायचा. जितक्या वेळा काख बदलावी लागेल तितकं घर लांब. पेठेतलं घर एका काखेचं. रुळांपलीकडे भिसेगावाच्या अलीकडचं दोन काखांचं. भिसेगाव ओलांडून शेतात गेलात की चार काखा. नेरळला कुणीतरी स्वस्तात जागा देत होतं, तर तात्या भोपळ्यासकट गाडीत बसून तिथंही जाऊन आले. परत आल्यावर म्हणाले, "गाडीत भोपळा मांडीवर होता. सबब, माप निघालं नाही."

'सबब' हा तात्यांचा लाडका शब्द. मामलेदार कचेरीत वीस-बावीस वर्षं दप्तर सांभाळून त्यांच्या तोंडात कचेरीच बसली होती. भाजी आणायला सांगितली आणि ती मिळाली नाही तर घरी येऊन म्हणत, "वांगी आली नव्हती. सबब, पडवळ." यमुनाकाकू म्हणजे त्यांची बायको. ती शांतपणे पडवळ चिरायला घेई. काकू फार कमी बोलायची. तात्याच दोघांचं बोलत.

बघितलेल्या प्रत्येक घराचा ते रीतसर पंचनामा करत. कागद दुमडून समास पाडायचा, वर 'मौजे कर्जत' लिहायचं आणि खाली घराचे गुणदोष. पंच म्हणून माझी सही. दुसरा पंच म्हणून स्टेशनावरचा टांगेवाला अब्दुलचाचा. तो अंगठा उठवायचा आणि म्हणायचा, "तात्या, एवढ्या कागदात तर घर शाकारून झालं असतं."

अशा पंचनाम्यांवर मी सहा वर्षं सह्या करत राहिलो. घर काही ठरेना.

एका घराची विहीर पश्चिमेला होती. एका घराच्या मालकाला खोकला होता. "खोकला मालकाला आहे, घराला नाही," असं मी म्हटलं, तर तात्या म्हणाले, "घरानंच दिला नसेल कशावरून?" एका घरात सगळं उत्तम होतं, म्हणून त्यांना संशय आला.

शेवटी सगळी गाळणी होऊन दोन घरं उरली. एक ऐन पेठेत. पुढं दुकानांची रांग, एका अंगाला दगडू तांबटाचं दुकान, दुसऱ्या अंगाला सुकटीचा व्यापारी. दोन खोल्या, माजघर, मागं हातभर परसू. कचेरी हाकेवर, दवाखाना समोरच. दुसरं गणू पाटलाचं, रुळांपलीकडे, त्याच्या शेतांना लागून. चांगलं कौलारू, पुढं-मागं अंगण, स्वतःची विहीर, चार आंब्यांची झाडं आणि दारातून थेट माथेरानचा डोंगर. चार काखा.

तात्यांचं मन रोज इकडून तिकडे जाई. सकाळी दात घासताना ते पाटलाच्या बाजूचे असत. "मास्तर, हवा! पेठेत हवा आहे का? तिथं नुसता तांबटाचा ठणठणाट आणि सुकटीचा वास."

"पण तुम्हाला सुकट आवडते."

"खायला. श्वास घ्यायला नव्हे."

संध्याकाळी कचेरीतून परतताना रुळांशी मालगाडी आडवी उभी असली की तेच तात्या पेठेच्या बाजूला येत. घाट चढण्यासाठी कर्जतला प्रत्येक गाडीला मागून जादा इंजिनं लावतात. तोवर गाडी हलत नाही आणि पलीकडे जाणारा माणूसही हलत नाही. "हे बघा," तात्या घड्याळ काढून दाखवत. "गाडी उभी राहून सतरा मिनिटं झाली. घर समोर दिसतंय आणि जाता येत नाही. याला काय घर म्हणायचं?"

गणू पाटील तर थकून गेला होता. तात्या सातव्यांदा भोपळा घेऊन अंगणात उभे राहिले तेव्हा तो म्हणाला, "तात्यानू, तुमी घर घ्येताय का भोपला इकताय, येकदा काय तं सांगा. आमच्या म्हशीबी तुमाला वलखाया लागल्या."

हे असंच चाललं असतं. पण त्या वर्षी दिवाळीनंतर पनवेलहून पत्र आलं. तात्यांची एकुलती एक मुलगी शांता, तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी. फाल्गुनात दिवस भरत होते. चाळीतल्या दीड खोलीत बाळंतिणीची खाट टाकली असती तर तात्यांना छत्रीसकट बाहेर उभं राहावं लागलं असतं. सबब, घर घेणं आलं.

तात्यांनी तीन दिवस दोन्ही घरांचे पंचनामे समोरासमोर मांडून वाचले आणि चौथ्या दिवशी जाहीर केलं, "पाटलाचं घर. लेकराला हवा पाहिजे, बाळंतिणीला उजेड पाहिजे. ठरलं."

"काकूंना दाखवलंत का?" मी सहज विचारलं.

तात्या माझ्याकडे बघतच राहिले. सहा वर्षांत त्यांनी टांगेवाल्याला घरं दाखवली होती, मला दाखवली होती, भोपळ्याला दाखवली होती. काकूंना एकही नाही.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं निघालो. काकू ठेवणीतलं लुगडं नेसली होती. पाटलाच्या शेतात झोडणी संपत आली होती, पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या होत्या. तात्यांनी तिला सगळं घर फिरवून दाखवलं. विहिरीत वाकून पाणी दाखवलं, आंबे मोजून दाखवले, डोंगराकडे छत्री करून त्याचीसुद्धा ओळख करून दिली. काकू प्रत्येक ठिकाणी "छान आहे" म्हणाली. मग ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून समोरच्या शेतांकडे बराच वेळ बघत राहिली.

"अहो," ती म्हणाली, "इथून हाक मारली तर कुणाला ऐकू जाईल का?"

एवढ्या पंचनाम्यांत हा मुद्दा नव्हता. तात्या एकदम हुशारले. "वा! रास्त मुद्दा आहे. आत्ता बघू. मास्तर, तुम्ही पाटलाच्या खळ्यावर जाऊन उभे राहा. मी मधे बांधावर थांबतो. अगं, तू इथून हाक मार."

मी खळ्यावर जाऊन उभा राहिलो. पाटलाची बायको सुपानं भात पाखडत होती. तिनं विचारलं, "काय वं मास्तर, काय हरावलं?" मी म्हटलं, "हाक ऐकायला आलोय." तिनं सूप खाली ठेवलं आणि तीही कान देऊन उभी राहिली. काहीच ऐकू येईना. लांबवर काकू दारात उभी दिसत होती आणि तात्या बांधावरून हातवारे करत होते. त्यांचा आवाज मात्र खणखणीत येत होता.

"अगं, मोठ्यानं ओरड!"

ती काहीतरी म्हणाली असावी.

"काहीही ओरड! माझं नाव घे!"

पाटलाच्या बायकोनं पदर तोंडाला लावला. "आता गं बाया! भरल्या शेतात नवऱ्याचं नाव?"

"बरं, नाव नको! पण ओरड! आग लागलीय असं समज!"

मग काकूनं दोन्ही हात तोंडापाशी नेलेले मला दिसले. ती ओरडली असणार, कारण तिचं सगळं अंग पुढं झुकलं होतं. एकदा, मग पुन्हा एकदा. आमच्या खळ्यापर्यंत काही पोचलं नाही. टिटवी तेवढी ओरडून गेली. "नाय रं बाबा, काय आयकू येत नाय," पाटलाची बायको म्हणाली आणि तिनं पुन्हा सूप उचललं.

मी बांधाकडे आलो. "ऐकू आलं नाही, तात्या. लिहून टाका."

तात्या लिहीत नव्हते. त्यांची छत्री खाली पडली होती आणि ते ती उचलत नव्हते. मी उचलून दिली. त्यांनी ती घेतली आणि काकू उभी होती त्या दाराकडे चालू लागले.

परतताना रुळांवर मालगाडी आडवी उभी होती. आम्ही तिघं फाटकाशी थांबलो. तात्यांनी घड्याळ काढलं नाही.

ते काकूकडे न बघता म्हणाले, "वसंताचं नाव का घेतलंस?"

"दुसरं काही तोंडात आलं नाही," काकू म्हणाली.

मी मालगाडीच्या वाघिणीवरचे आकडे वाचत राहिलो. दुसरीकडे कुठं बघावं ते मला कळेना. त्यांना शांतेच्या आधी एक मुलगा होता, हे सहा वर्षं भिंतीला भिंत लावून राहूनही मला ठाऊक नव्हतं.

"खालापूरला होतो तेव्हाही असंच ओरडले होते," काकू म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. कालची गोष्ट सांगावी तसं ती सांगत होती. "त्याचा घसा धरला होता, श्वास कोंडत होता. त्याला टाकून जाता येईना. दारात उभी राहून ओरडत राहिले. कुणी आलं तेव्हा दुपार कलली होती."

"मी फिरतीवर होतो," तात्या म्हणाले.

"हो. मला ठाऊक आहे."

"गावाबाहेरचं घर मीच निवडलं होतं." तात्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "सगळे म्हणाले होते, गावात घ्या. मी म्हटलं, पोराला हवा चांगली."

ऊन तिरपं येऊन तात्यांच्या तोंडावर पडलं होतं. काकूनं त्यांच्या हातातली छत्री घेतली, उघडली आणि त्यांच्या डोक्यावर धरली. भर रस्त्यात, माझ्यादेखत. तात्यांनीही धरू दिली. मागची इंजिनं लागली, गाडीला हिसका बसला आणि एकेक वाघीण आमच्यासमोरून सरकू लागली.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी पेठेतलं घर घेतलं. पंचनामा केला नाही, मला किंवा अब्दुलचाचाला विचारलं नाही. पाटलाकडे मात्र ते स्वतः जाऊन आले. पाटील म्हणे हसून म्हणाला, "ऱ्हाऊं द्या वं तात्या. म्हशींना तेवढं तुमीच सांगा."

नव्या घरात आल्यापासून तात्यांनी त्या घराची जी निंदा सुरू केली ती अखंड. हवा नाही. उजेड नाही. परसात तुळस लावली तर माणसाला उभं राहायला जागा नाही. भिवपुरीला एवढं विजेचं घर बांधलंय, ती वीज जाते मुंबईला, आणि आम्ही भरदिवसा माजघरात कंदील लावतो. दगडू तांबट सकाळी हंड्यावर हातोडी घालायला सुरुवात करतो ती दिवेलागणीपर्यंत. कचेरीत तर त्यांनी सांगून टाकलं की माझ्या दोन्ही कानांत आता घागरी बसल्या आहेत, सबब हुकूम लेखी द्यावेत.

फाल्गुनात शांतेला मुलगा झाला. वेणा सुरू झाल्या तेव्हा काकूनं दारात येऊन एक हाक मारली म्हणतात. तांबटाची बायको, सुकटवाल्याची आई, समोरचे डॉक्टर आणि दोन गिऱ्हाइकं, सगळे एकदमच आत शिरले. गिऱ्हाइकांना तात्यांनी बाहेर काढलं.

बारसं झाल्यावर चार दिवसांनी दुपारी मी बाळाला बघायला गेलो. शेजारी दगडूचं काम ऐन रंगात होतं. मोठ्या हंड्यावर घाव पडत होते आणि प्रत्येक घावासरशी ओटीवरची फळी थरथरत होती. पलीकडे सुकटवाल्याचं आणि एका कोळणीचं भांडण लागलं होतं. तात्या उंबऱ्यात बसले होते. दार सताड उघडं होतं.

"काय तात्या, बाळ काय म्हणतंय?" त्या गोंगाटात ऐकू जावं म्हणून मी ओरडून विचारलं.

तात्या ताडकन उठले. त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला आणि मला आत बघायची खूण केली. माजघरात पाळण्याशेजारी जमिनीवर काकू झोपली होती. उशाला हात, पदर विस्कटलेला, दुसरा हात पाळण्याच्या दोरीवर तसाच राहिलेला.

"शांता झाली तेव्हा दोन वर्षं हिनं दिवसाची पाठ टेकली नव्हती," तात्या माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाले. दगडूनं हंड्यावर आणखी तीन-चार सणसणीत घाव घातले. तात्यांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "जरा हळू बोला, मास्तर. जागी होईल."