हजारातला एक जंतू

गोंडपिपरीत माझं औषधाचं दुकान आहे. समोर चार गिऱ्हाइकं खोळंबलेली असतात आणि शामरावभाऊ आपले सॅनिटायझरची बाटली नाकाला लावून लेबल वाचत उभे! घेणं नाही, देणं नाही.

"सुनीलभाऊ, हे ९९.९ टक्के जंतू मारते म्हणे. म्हंजे हजारातला एक जित्ता. तो कुठी गेला?"

भाऊंची उभी हयात सरकारी लाकूड डेपोत ओंडके मोजण्यात गेली. हजारात एक कमी भरला तर ट्रक जागचा हलू द्यायचे नाहीत.

"जाऊ द्या ना भाऊ, एका जंतूनं काय होते?"

"जाऊ द्या, जाऊ द्या म्हणूनच जंगल गेलं."

एकदा घरून भिंग घेऊन आले. आकड्यावर बारकी चांदणी सापडली होती. "खाली लिवून हाय, प्रयोगशाळेतल्या चाचणीनुसार. कोनाच्या हातावर केली चाचणी? माह्या तर नाई!"

परवा मात्र माझं टाळकं सरकलं. "भाऊ, डोकं नका खाऊ. घ्यायची तर घ्या, नाही तर ठेवा खाली!"

भाऊंनी बाटली खाली ठेवली. गिऱ्हाइकं गेल्यावर हळूच म्हणाले, "मोतीबिंदूचं आपरेशन हाय चंद्रपूरले. डॉक्टर म्हणे, डोळ्यात थेंब टाकाच्या आधी दरवेळी हे हाताले लावा. अन् मी रोज करंगळीनं विरजण लावतो. माही घरवाली शांता गेली तवा तिनं लावलेलं दही घरात होतं. तेच वाढवून राह्यलो, चार वर्षं झाले. दह्यातबी जंतूच असते ना? मंग तो वाचलेला एक दह्याचा असते का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतके दिवस मी या माणसाला निव्वळ कटकट समजत होतो.

"चमच्यानं लावा, भाऊ. काही होत नाही तुमच्या दह्याला."

"चमच्यानं?" भाऊ बघतच राहिले. एवढी साधी गोष्ट सांगायला त्यांच्या घरात दुसरं माणूसच नव्हतं.

बाटली घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी स्टीलचा छोटा डबा घेऊन हजर. "अर्धं तुमच्या घरी लावत जा. माह्यं काई खरं नाई आता. एकाच घरी काऊन ठेवाचं?"

मी डबा घेतला. तरी भाऊ हलेनात. "आज लावसान तवा मी येऊ का पाहाले?"

"जेवायलाच या ना, भाऊ. आठ वाजता."

सहालाच आले. इस्त्रीचा सदरा घालून.