हॉर्न दाबा, गाडी चालू!

अजिनाथनं एकदा घरचा मिक्सर दुरुस्त केला आणि तेव्हापासून विजेच्या बाबतीत त्याला कुणी काही सांगायची सोय राहिली नाही!

"वायर म्हंजी काय, एक हिकडनं, एक तिकडनं! आज गाडी बटणावर चालू करून दाखवतो!"

"दाखवा की!" सोनालीनं पदर खोचला. "सांजच्याला भंगारवाला येतोय. चालू झाली तर ऱ्हाईल, न्हाय तर जाईल!"

दारातली ती मोटारसायकल वर्षभर मुकी होती. किक केव्हाच तुटलेली, त्यामुळे सगळा भार बटणावर. पण लग्नानंतर याच गाडीवरून दोघं पहिल्यांदा वेळापूरला, तिच्या माहेरी गेले होते. किक न मारता सुरू होणारी गाडी त्या आळीला नवीनच! सासरे येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून म्हणायचे, "जावईबापू, दाबा की अजून एकदा!" शेवटी सोनालीनं स्वतः बटण दाबलं आणि लाजून घरात पळाली. ती गाडी किलोवर घालायची? अजिनाथनं बाह्या सरसावल्या.

त्यानं नवी बॅटरी बसवली. गाडी गप्प! फ्यूज बदलला. गप्प! मग हेडलाइट उघडला, तर आत शेवयांसारखा तारांचा गुंता. सगळ्या तारा सोडवून, खरवडून झाल्या, पण परत जोडताना कुठली कुठं होती, तेच आठवेना. शेवटी अंदाजानं जोडल्या आणि बटण दाबलं.

"पींऽऽऽ!"

शेजारच्या गौरम्मा बाहेर आल्या. "कोण आलंय रं?"

"कोण न्हाय, मावशी!" वैतागून त्यानं हॉर्न दाबला, आणि गाडी धडधडून सुरू झाली!

"हॉर्नवर?" सोनाली ओरडली.

"बटणावर म्हणलं हुतं! कुठल्या, ते कुटं ठरलं हुतं?"

सोनाली किती दिवसांनी अशी पोट धरून हसली! हसतहसतच मागं बसली आणि दोघं फेरी मारायला निघाले. कंबर तलावाच्या काठच्या वाऱ्यात तिचा हात पूर्वीसारखा त्याच्या खांद्यावर आला आणि अजिनाथला एकदम वीस वर्षांनी लहान झाल्यासारखं वाटलं. तेवढ्यात समोर शेळ्या आल्या. सवयीनं अंगठा हॉर्नवर गेला. "खर्रर्र!" गाडी बंद! आता हॉर्न दाबा नाहीतर बटण, हूं की चूं नाही!

ढकलत ढकलत दोघं घरी आले, तर भंगारवाला हातगाडी घेऊन दारातच उभा.

"काकू, कशाला तरास? द्या हिकडं."

"हात लावू नको!" घामाघूम सोनाली कडाडली. "चालू झाली हुती! ठरलं ते ठरलं. ही गाडी कुटं जात न्हाय!"

अजिनाथनं खिशातली पक्कड काढली. "सोनाली, आता फकस्त हॉर्नची वायर तेवढी—"

"तुमीबी हात लावायचा न्हाय!"

भंगारवाला रिकामा गेला नाही. अजिनाथची पक्कड, पान्हे आणि स्क्रू ड्रायव्हर सोनालीनं स्वतःच्या हातानं त्याच्या काट्यावर ठेवले!