निळ्या ताडपत्रीवरील स्वारीची हकिकत

शके एकोणीसशे एकोणतीस, सर्वजित नाम संवत्सरी, वैशाखमासी कुंभार पिंपळगावचे शाळेत जे रण माजले, त्याचे वर्तमान लहानथोरांस कळावे, म्हणोन यथास्थित लिहिले आहे.

अखंडित-खडू-अलंकृत राजश्री तातेराव गुरुजी दुसरे दिवशी चौथीचे तख्त सोडणार, आणि शेवटले वर्गाची तसबीर घरचे भिंतीवर असावी, ही एकच मनीषा बाकी. मग अठ्ठावीस पोरांची फौज अंगणात निळे ताडपत्रीखाली उभी केली, मध्ये गुरुजी काळे कोटानिशी, शेजारी सरपंच अप्पाराव पांढरे टोपीनिशी. ऐन वेळी गुरुजींनी खडूचा हात कोटास पुसला. त्यांचे कुटुंब कौसल्याबाई यांनी कुंपणापलीकडून फर्मावले, "बत्तीस वर्षं झाले रुमाल देऊन राह्यले, अन् हे कोटालाच पुसतेत." तोच फोटोवाले मच्छिंद्र यांनी डिजिटल कॅमेऱ्याची तोफ डागली.

तसबीर संगणकाचे पडद्यावर उतरली, तो ताडपत्रीने दगा केलेला. ऊन तिच्यातून गळोन आले ते निळे होऊन आले, आणि समस्त फौज निळी पडली. कोणते पोर कोणाचे, हे सख्ख्या आईस उमगेना. उद्या पोरे सुटीवर पांगणार, दुसरी तसबीर होणे नाही. गुरुजी मटकन स्टुलावर बसले.

मच्छिंद्र वदले, "गुरुजी, फोटोतलं एक अस्सल पांढरं दाखवा. त्याच्यावर टिचकी मारली की बाकीचे रंग बराबर व्हतेत."

"मंग इचार काह्याचा करून राह्यले? माही टोपी हाये की," ऐसे अप्पारावांनी जाहीर केले.

तेव्हा माउसाचे घोडे थेट टोपीवर घातले. निळाई हटली, आणि फौज पिवळी जाहली. अठ्ठावीस जणांस एकदम कावीळ.

मच्छिंद्रांनी विचारिले, "सरपंच, टोपीला नीळ किती घालतेत?"

अप्पाराव म्हणाले, "आमच्या घरच्या द्वारकाबाईला इचारा, टोपी तीच धुते. मला काय ठावं?"

येणेप्रमाणे तालुक्यातील सर्वांत पांढरी टोपी पांढरेपणाचे पदावरून बडतर्फ जाहली. मग पोरांचे सदरे तपासले, तो घरोघर नीळ. दात तपासले, तो बोरकुटाने रंगलेले. अप्पाराव खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसले.

मच्छिंद्र थकोन म्हणाले, "तोवर तुमच्या कोटावरचा डाग तरी पुसून टाकतो." आणि डाग मोठा करून पडद्यावर आणिला, तो परातीएवढा.

गुरुजी ताडकन उठले. "थांबा. त्याला कोणी नीळ घातली न्हाई."

टिचकी पडली मात्र, फौज आपापले रंगी परतली. रिबिनी लाल जाहल्या, चड्ड्या खाकी जाहल्या, पहिले रांगेतील पोरीची बांगडी हिरवी निघाली, आणि गुरुजींनी एकेकाचे नाव घेत सगळी हजेरी पडद्यावरच लाविली. ताडपत्री तेवढी निळी राहिली, ती आपले स्वभावास अनुसरून. अप्पारावांची टोपीही किंचित निळी निघाली. त्यांनी ती काढून खिशात घातली.

ऐसा निळे पातशाहीचा मोड होऊन तसबीर गुरुजींचे घरी खिळ्यावर चढली. कोटावरील डाग कायम राखावा, त्यास कोणी हात लावू नये, ऐसा हुकूम जाहला. कौसल्याबाईंनी डागाकडे पाहिले, गुरुजींकडे पाहिले, आणि काच पुसावयास बत्तीस वर्षांचा कोरा रुमाल प्रथमच कामी आणिला. फत्ते जाहली, ती येथे नमूद केली असे.