द्वारकाताईंचा हात

"आज नोकरी सोडूनच येणार! संध्याकाळचं पिठलं तुम्ही टाका!" असं नवऱ्याला बजावून द्वारकाताई शिळफाट्याच्या घरातून निघाल्या त्या अगदी रुबाबात.

का नाही सोडणार हो? एका सामाजिक संस्थेच्या कार्यक्रम-प्रमुख म्हणून वीसेक वर्षं वाड्यांवरच्या बायकांना सक्षम करता करता बाईंचे गुडघे गेले. उजवा खांदा तर पार कामातून गेलेला! फळीवरचा डबा काढायचा तरी "आई गं!" सुरुवातीला बैठकीत मतदान घेतलं, की एक बाई हात वर करील तर शपथ. मग ताईच आधी आपला हात वर करायच्या, "करा गं, असा करा!" म्हणायच्या, तेव्हा कुठे बाकीचे हात भीत भीत वर यायचे. खांद्याचं दुखणं लागलं ते असं.

संस्थेचा संचालक यज्ञेश, ताईंच्या मुलाच्या वयाचा. राजीनामा म्हटल्यावर तो गोड हसला. "ताई, लोकांना विचारल्याशिवाय काही ठरवायचं नाही, हा नियम तुमचाच ना? वाडीचं महिला मंडळ हो म्हणालं की तुम्ही मोकळ्या!"

एवढंच ना! ताई धापा टाकत वाडीचा चढ चढल्या. अंगणात मंडळ जमलं.

"बायांनो, मी फार दमले गं. आता सोडते."

मंडळाची अध्यक्ष सुरेखा, एके काळी स्वतःचं नाव सांगतानाही रडलेली, ताडकन म्हणाली, "तुमी एकटीनंच ठरवलं? चर्चा न करता?"

"अगं, माझं मी नाही ठरवायचं तर कोणी?"

"आमचा घरवाला पण असंच बोलायचा. त्याचं ऐकू नको म्हणून तुमीच सांगितलं!"

म्हातारी चिंधी पुढे सरकली. "घरी बसून काय करशील गं?"

"झोपेन!"

"मग हितं झोप. घोंगडी देते. बैठक आमी घेतो."

ताईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. इतक्या वर्षांत 'झोप' म्हणणारं कोणी भेटलं नव्हतं! पण मन घट्ट करून त्या म्हणाल्या, "काही नाही, मतदान घ्या!"

सुरेखा उभी राहिली. "ताईंनी नोकरी सोडू नये असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

एकही हात हलेना! "दमलीय गं पोर," चिंधी शेजारणीच्या कानात पुटपुटली. बायका माना खाली घालून बसल्या. सुटले बाई! ताईंनी डोळे मिटून देवाचे आभार मानले.

डोळे उघडले, तर समोर तेच जुनं चित्र. गप्प बसलेल्या बायका, मांडीवर ठेवलेले हात. आणि वीस वर्षांची सवय ती! ताईंचा उजवा हात सर्रकन वर गेला. "अगं, लाजता काय? करा गं, असा करा!"

धडाधड सगळे हात वर!

"एकमतानं मंजूर!" सुरेखा ओरडली. टाळ्यांचा नुसता कडकडाट!

चढ उतरताना नवऱ्याचा फोन आला. "पिठलं टाकू का गं?"

"टाका. आणि खांद्याचा बाम काढून ठेवा," ताई म्हणाल्या. "उद्या ऑफिस आहे."