कान बघणारे कमांडर

दहिवाळकाका माणसाच्या तोंडाकडे आधी बघत नाहीत, कानाकडे बघतात. इथं जपानात कोन्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, काउंटरवरच्या पोरीनं बिल करायला घेतलं की ह्यांची मान तिरकी. "कान टोचायच्या बंदुकीनं टोचलेत. डावं भोक खाली घसरलंय," असं मला मराठीत सांगणार, आणि ती बिचारी वाकून ह्यांचेच आभार मानणार.

काका जालन्याचे सोनार, आणि होमगार्डमध्ये प्लाटून कमांडर. दिवसभर नथी घडवायच्या आणि गणपतीत गर्दी आवरायची. आता मुलाकडे उरायासूला आलेत. मुलगा-सून तोयोसूच्या ऑफिसात असतात, म्हणून काकांचा दुपारचा डबा त्यांच्या घराच्याच इमारतीच्या तळाशी असलेल्या आमच्या हॉटेलातून मी वर नेतो. मी आठवीत शाळा सोडलेला, भटारखान्यातला माणूस. इथं मला सगळ्याचीच धास्ती. कचरा चुकीच्या पिशवीत गेला तर? पोलिसानं राहण्याच्या परवान्याचं कार्ड मागितलं तर?

भूकंपाची तर फारच. पहिला हादरा बसला तेव्हा मी गॅस बंद करून अनवाणी बाहेर पळालो. बघतो तर काका आधीच खाली. अंगात बनियन, डोक्यावर होमगार्डची टोपी, तोंडात शिट्टी. गर्दी आवरायला उतरले होते. गर्दी काही नव्हती, जपानी माणसं वर आपापली कामं करत होती. काकांनी मलाच रांगेत उभं केलं. एकट्याला.

"काका, मी भित्रा आहे हो."

"भित्रा माणूस आधी पोचतो. पलटणीला असाच लागतो. विश्राम!"

इतकं चांगलं माझ्याबद्दल आजवर कुणी बोललं नव्हतं. तेव्हापासून त्यांच्या डब्यात एक पोळी जास्तच असते.

काकांची एक मोहीम मात्र अडली होती. गावातल्या निम्म्या पोरांचे कान त्यांनी टोचले, पण नात इथं जन्मली आणि तिचे राहून गेले. सुई आणि सोन्याची तार ते सोबत घेऊनच आले होते. मुलगा म्हणायचा, "बाबा, इथल्या शाळेत चालत नाही." आठ वर्षांची ईशा दोन्ही कान झाकून "इया, इया" करायची. म्हणजे नको.

"सोनाराची नात आणि कान न टोचलेले? गावात तोंड कसं दाखवू?" काका मला विचारायचे. तेवढ्यात व्हिसा संपत आला, परतीचं तिकीट निघालं.

जायच्या आदल्या दिवशी डबा घेऊन गेलो. ईशा काकांपुढे चटईवर बसलेली, केस मागे बांधलेले, डोळे गच्च मिटलेले.

"म्हणते, टोचा," काका हळूच म्हणाले. "का म्हणून विचारलं, तर म्हणते, आजोबा सॅड आहेत."

त्यांनी सुई पुसून बाजूला ठेवली. टोचण्याआधी कानाची पाळी चोळून बधिर करायची असते, तशी ते चोळू लागले. पोरीचे खांदे थरथरत होते.

काकांनी सुई उचलली, क्षणभर धरली आणि डबीत घालून झाकण लावलं.

"काय झालं, काका?"

"आजवर टोचले ते बहुतेक तान्ह्यांचे. त्यांना नको म्हणता येत नव्हतं," ते म्हणाले. "हिनं तर नको म्हटलं होतं की."

ईशानं एक डोळा किलकिला केला. "झालं?"

"थांब जरा," काका म्हणाले, आणि पाळी चोळतच राहिले.